मामांनी हात फिरवलेले जॉब

आमच्या घरात नवीन ताट आलं, सुरी आली, किसणी आली, की ती आधी माझ्या अंगठ्याखालून जाते. कडेवर अंगठा फिरवून बघितल्याशिवाय मी कुठलीच वस्तू फळीवर ठेवत नाही. सासरची माणसं आधी हसायची, आता वैतागतात. गेल्या दिवाळीत नणंदेनं आणलेला स्टीलचा डबा मी तिच्यासमोरच नापास केला, तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, डबा आहे तो, विमान नाही." त्याचं म्हणणं बरोबर होतं. पण पुढं त्याच डब्यानं त्याचं बोट कापलं आणि मला आतून जरा बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू?

ही सवय मूळची माझी नाही, माझ्या मामांची. त्यांच्याकडून मी ती उचलली, आणि पुढं त्याच सवयीपायी त्यांना त्यांच्याच शेडमधून बाहेर काढलं. आमच्याकडं कुणी तसं म्हणत नाही. सगळे म्हणतात, मामा गावाकडं राहायला गेले. मी मात्र 'काढलं' असंच म्हणते, कारण ते काम मी केलं आहे.

आमची शेड सांगलीत, एमआयडीसीत. शेजारी हळद दळायची गिरणी आहे. वारा फिरला की तिचा वास सरळ आमच्याकडं येतो, म्हणून आमच्या खिडक्या वर्षभर बंद. आत आम्ही विमानाला लागणारे लहान भाग कापतो. अॅल्युमिनिअमच्या ठोकळ्यातून तळहातावर मावेल एवढा एक भाग निघतो. त्याला आमच्या भाषेत जॉब म्हणायचं. पाहुण्यारावळ्यांत मात्र आम्ही "विमान बनवतो". लग्नाकार्यात कुणी ना कुणी विचारतंच, कुठल्या विमानात बसतं हो तुमचं सामान? आम्हालाच ठाऊक नसतं. जॉब बंगळूरच्या कंपनीला जातो. पुढं तो कशाला जोडतात, कुठल्या आकाशात फिरतो, ते आम्हाला कुणी सांगत नाही आणि आम्हीही विचारत नाही.

माझे वडील फौजेत होते. त्यांची बदली सारखी कुठं कुठं व्हायची, म्हणून आई आणि मी इस्लामपूरजवळ मामांच्या गावी राहायचो. मामा साताऱ्याला आयटीआय शिकले, तिथंच एका कारखान्यात काही वर्षं राबले आणि मग जुनं लेथ घेऊन गावात रस्त्याला दुकान टाकून बसले. पंपाचे दांडे, ट्रॅक्टरच्या पिना, गुऱ्हाळाच्या चरकाचे रूळ, असलं काम. ऊस तुटायला लागला की दुकानापुढं माणसं उभी असायची. कुणाचा चरक बंद, कुणाची ट्रॉली रस्त्यात आडवी. सगळ्यांना घाई. मामांना घाई ठाऊक नव्हती.

लेथवरून जॉब उतरवला की ते तो फडक्यानं पुसायचे, डोळे मिटायचे आणि कडेवरून अंगठा फिरवायचे. धातू कापला की कडेला बारीक धारदार कचरा चिकटून राहतो. त्याला बर म्हणतात. डोळ्याला दिसत नाही, हाताला लागते. मामांच्या अंगठ्याला ती लागली की पॉलिश पेपरचा तुकडा निघायचा आणि घासणं सुरू व्हायचं.

"आवं, चालतंय की तसंच," समोरचा ताटकळलेला माणूस म्हणायचा.

"तुमाला चालतंय, मला न्हाई चालत," मामा मान वर न करता म्हणायचे. "तुमच्या हाताला आदीच काय कमी भेगा हायत व्हय?"

एक पिन करायला दिली तर ते पिन बसायचं गंजलेलं भोकही साफ करून द्यायचे. मामी कपाळाला हात लावायची. "फुकटचं घासत बसत्यात. त्याचं कोन काय देनार हाय?" कुणी काही देत नव्हतं, हे खरंच. पण आसपासच्या गावांतली माणसं दुसरं दुकान सोडून मामांकडं यायची, हेही खरं. मी दाराशी पोत्यावर बसून हे सगळं बघायची. पाटीवरच्या पेन्सिलीचं टोकसुद्धा मी अंगठ्यानं तपासायला लागले तेव्हा मामांना काय आनंद झाला होता!

पुढं मी इंजिनिअर झाले ते मामांच्या जिवावर. पुण्यात नोकरीला लागले आणि तिथं मोजमापाचं काम शिकले. तोवर मामा सांगलीला येऊन संगणकावर चालणारी सीएनसी मशिनं घेऊन बसले होते, गाड्यांचे सुटे भाग करत होते. अशातच विमानाच्या कामाची विचारणा आली. मामा एसटीत बसून पुण्याला आले, माझ्या खोलीत खुर्चीच्या अगदी टोकावर बसले आणि म्हणाले, "कागदाचं लय असतंय म्हनं त्यात. ते मला जमायचं न्हाई. जॉब मी बगतो, कागद तू बग. येतीस का?"

मी आले. माझं लग्न सांगलीतच ठरत होतं, त्यामुळे घरच्यांना आयतंच फावलं.

विमानात मामा कधी बसले नव्हते. पण शेडवरून उंच एखादं विमान गेलं, पांढरी रेघ उमटली, की हातातलं काम टाकून ते बाहेर यायचे. डोळ्यांवर हात धरून बघत राहायचे. "एक दिस म्हनता आलं पायजे," असं एकदा म्हणाले, "की त्यात आपला जॉब हाय." एवढंच त्यांना हवं होतं. आधी आमच्याकडून एक लहानसा लॉट करून घ्यायचा, तो पसंत पडला तर कायमची मान्यता द्यायची, असं त्या कंपनीनं ठरवलं होतं. आमचं सगळं त्या एका लॉटवर येऊन थांबलं.

मग मी शेडमध्ये राज्य सुरू केलं. बाहेर चपला. तंबाखू फाटकाबाहेर. अंगठ्या, गळ्यातले गोफ, मनगटावरचे गंडे, सगळं काढून कपाटात. खंडेनवमीला मशिनवर हळदकुंकू वाहायचं नाही, बाजूला पाटावर वाहायचं. नारळ फाटकाशी फोडायचा. पोरं मागं मला 'सासूबाई' म्हणायची, ते मला कळत होतं. मामांनी मात्र प्रत्येक नियम पाळला. हळदकुंकवाचा नियम ऐकून त्यांनी मशिनकडं बघितलं, आणि स्वतःच पाट आणून ठेवला.

सगळ्यांना समोर बसवून मी शिकवलं होतं, की कागदावर जेवढं लिहिलंय तेवढंच करायचं, त्याबाहेर काही नाही. मामांनी पहिल्या रांगेत बसून मान डोलावली. वाईट काही करू नका, एवढा अर्थ त्यांनी त्यातून घेतला. चांगलं करायलासुद्धा बंदी असते, हे त्यांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. आणि ते फोडून सांगावं असं मला सुचलं नाही. शिकलेल्या माणसाला आपलं म्हणणं स्वच्छच वाटत असतं.

लॉट झाला. एकूण एक जॉब मापात बसला. मी खूश होते. रवाना करायच्या आधी शेवटची नजर म्हणून भिंगाखाली एकेक जॉब बघत बसले होते. मशिन धातू कापतं तेव्हा त्यावर एका दिशेनं बारीक रेघा राहतात. त्या चालतात, कंपनीनं दिलेल्या नकाशात तशी मुभा असते. पण एका जॉबच्या आतल्या कोपऱ्यात त्या रेघाच नव्हत्या. त्यांच्या जागी आडव्यातिडव्या, केसाहून बारीक ओरखड्यांची झिलई होती. दुसऱ्या जॉबवर तेच. पुढच्यावर नाही. त्याच्या पुढच्यावर पुन्हा असल्यासारखं वाटत होतं. मशिनवरच्या पोराला विचारलं तर तो नुसता मामांच्या टेबलाकडं बघायला लागला.

मामा चहा पीत होते.

"मामा, जॉबला पॉलिश पेपर लावला का तुमी?"

"व्हय की," ते अगदी हसून म्हणाले. "कोपऱ्यात जरा रेघा दिसत हुत्या. काडल्या. तू माप बग, माप न्हाई हाललं कुटं."

माप खरंच हललं नव्हतं.

"कुठल्या कुठल्या जॉबला लावला?"

"मनाला पटलं न्हाईत त्यास्नी."

"पण कुठले ते? दाखवा मला."

मामांनी ट्रेकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. "आता कसं दाखवू? समदं सारकंच दिसत्यात की. त्येच्यासाटीच तर केलं."

अॅल्युमिनिअम मऊ असतं. पॉलिश पेपरचे कण त्यात रुतून बसतात, आणि कधीतरी त्या जागेवरून धातूला गंज खायला लागतो. कोपरा हातानं घासला की तो किती झिजला, कुठं झिजला, ते धड कुणालाच सांगता येत नाही, आणि विमानाच्या भागाला तडा जातो तो नेमका असल्या कोपऱ्यातून. पंपाचा दांडा मोडला तर पाणी थांबतं. इथं वर माणसं बसलेली असतात. हे सगळं मी मामांना सांगितलं. ते ऐकत राहिले, आणि हातातला चहा गार होऊन गेला.

ट्रे तसाच पाठवला असता तर चाललं असतं का? चाललं असतं. मापं बरोबर होती, कुणी भिंग घेऊन कोपरे बघितले नसते. हा विचार माझ्या मनात आला आणि थोडा वेळ चांगला ठाण मांडून बसला. मग मी बंगळूरला फोन लावला.

तिकडून एक वयस्कर गृहस्थ आले. आवाज मऊ, वागणं अदबीचं. मामांना त्यांनी खुर्ची दिली आणि काय झालं ते विचारलं. मामा माझ्या वडिलांकडून ऐकलेल्या फौजी हिंदीत म्हणाले, "साब, रेघा था. हमने निकाल दिया." गृहस्थ हसले. मामाही हसले. माझ्या आयुष्यात मला कुणाचं हसू इतकं बोचलं नाही.

बाहेर गाडीपाशी ते मला म्हणाले, "तुमचे मामा फार भले गृहस्थ आहेत. वाईट काम मापात सापडतं. हे सापडत नाही." लॉट बाद करा, म्हणाले. तुम्ही स्वतः होऊन कळवलंत म्हणून पुन्हा संधी देऊ, पण असं परत होणार नाही याची काय व्यवस्था केलीत ते लिहून पाठवा. मामांना काढा, असं ते म्हणाले नाहीत. ते माझ्यावर सोडून गेले.

मी लिहिलं, की संबंधित व्यक्ती यापुढे जॉबला हात लावणार नाही, आणि मशिनच्या भागात येणार नाही. 'संबंधित व्यक्ती' लिहिताना माझा हात अडखळला नाही. मला ती मान्यता हवी होती. शेडमधल्या पोरांनी तिच्यावर भरवसा ठेवला होता, मशिनांचे हप्ते होते, आणि मामांनाही तीच हवी होती. मी जे केलं ते चूक नव्हतं. आज पुन्हा तसा प्रसंग आला तरी लॉट मी बादच करीन. पण मामांना कायमचं दाराबाहेर ठेवण्याखेरीज दुसरं काही करता येतं का, याचा विचार करायला मी एक दिवससुद्धा घेतला नाही. मनाला लागून राहिलंय ते हे.

मामांना सांगितलं तेव्हा त्यांचे हात स्वच्छ होते, तरी ते फडक्याला पुसत राहिले.

"आगं, पर हात लावल्याबिगर मला जॉब कळतच न्हाई," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "लिवलंस ते बरोबरच लिवलंस. तू कशाला तोंड पाडतीस?"

बाद झालेला जॉब कापावा लागतो. न जाणो, चुकून कुणी उचलून कुठं बसवला तर, म्हणून त्याचे दोन तुकडे करायचे असा नियम. मी पोराला करवत मशिन लावायला सांगितलं तर मामा उठले. "त्येला नगं सांगू. माजं मी करतो." आणि त्यांनी आपल्या हातानं तो सगळा लॉट कापला. शांतपणे, एकेक जॉब पकडीत धरून. पुसला नाही, अंगठा फिरवला नाही. तुकडे डब्यात पडताना टण् टण् वाजत होते. शेवटी माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "ह्यातला एक नेऊ का? अर्दा हाय, कुणी इमानाला लावनार न्हाई."

मी नेऊ दिला. तेवढा नियम मी वाकवला आणि तेवढ्यावरच स्वतःला फार उदार समजले.

त्यानंतर मामा काही दिवस ऑफिसात बसले. पण तिथं त्यांना करायला काही नव्हतं. काचेतून मशिनांकडं बघत बसायचे. एके दिवशी म्हणाले, मामीला गावाकडं करमतंय, आमी जातो. जुनं लेथ टेम्पोत घालून ते गेले. पुढच्या लॉटला मान्यता आली. पेढे घेऊन मीच गावाला गेले तेव्हा मामांनी एक पेढा देवापुढं ठेवला, एक मला भरवला आणि गल्लीभर वाटून आले.

शेड वाढली. दर खंडेनवमीला मामा येतात. फाटकाशी नारळ फोडतात, पाटावर हळदकुंकू वाहतात, आणि मग मशिनांमधून एक फेरी मारतात. दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून. पहिल्या वर्षी मला वाटलं, वयामुळं तसे चालत असतील. दुसऱ्या वर्षी मी म्हटलं, "मामा, हात सोडा की. शाळेतल्या गुरुजींसारखं काय चालताय?" ते हसले. "वंगाळ सवय हाय माजी. आपोआप जातोय म्होरं." पोरं हसली, मीही हसले. ट्रेमधल्या नव्या जॉबवर मामा वाकून बघत होते, अगदी नाक लागेपर्यंत, आणि हात मागंच होते.

मागच्या वर्षी बंगळूरकडून एक नवा जॉब आला. त्याची कड मशिननं नीट होत नाही, म्हणून त्यांनीच कागदावर लिहून दिलं होतं, की ही कड हातानं साफ करावी. अमुक प्रकारचं पॅड वापरावं, अमुक दिशेनं, मग अंगठ्यानं तपासावं. अंगठ्यानं! मी तो कागद हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. त्या कामाला मी दोन मुली घेतल्या. डोळे मिटून अंगठा कसा फिरवायचा, दाब किती द्यायचा, बर असली तर ती कशी लागते, ते मी त्यांना शिकवलं. एक जण म्हणाली, "मॅडम, हे तुम्ही कुठं शिकलात?" मी विषय बदलला.

मामांना बोलवायचं त्याच दिवशी मनात आलं होतं. कागदावरचं वाचून दाखवून, त्यांना बसवता आलं असतं त्या टेबलाशी. पण कामाची गडबड, मग मुलाची परीक्षा, मग पावसात कृष्णेचं पाणी चढलं, असं करत मी ते लांबवत गेले. शेवटी एका रविवारी इस्लामपूरची गाडी धरली. वाटेत सगळं बोलणं जुळवलं होतं. आधी हक्कानं रागवायचं, इथं काय माशा मारत बसलाय म्हणून, आणि मग सांगायचं.

मामा ओसरीवर बसले होते. मामीनं चहा आणला. मामांनी कप उचलला आणि बशीवर तो खडखडायला लागला. चहा सांडला. मामी पुढं झाली, कप धरला आणि त्यांना पाजला, रोजचंच असल्यासारखं.

"कवापासनं?" मी विचारलं.

"झालं की लय दिस," मामा म्हणाले. उजवा हात त्यांनी माझ्यापुढं धरला. तो थरथरत होता. "ह्यो आता माजं ऐकत न्हाई. लेथ बी दिऊन टाकलं. तू का आलीस पर? काम न्हाई व्हय आज?"

मी जुळवलेलं सगळं गिळलं. "सहज आले," म्हटलं.

निघताना नमस्कार करायला देवघरात गेले. टाकांच्या शेजारी, पिंजर-कुंकवानं थोडा लाल झालेला, तो अर्धा जॉब होता. मला वाटलं होतं तो कधीच कुठं तरी पडला असेल. मी उचलला. करवतीनं कापलेली बाजू खरखरीत असते, बोट फाडते. मला ती चांगली आठवत होती.

"आनला त्याच सांजंला घासत बसलं हुतं," मामी मागून म्हणाली. "मी म्हनलं, आता कशापायी? तर म्हनत्यात, पूजा करताना तुजा हात कापंल."

मी डोळे मिटले आणि कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कुठं काही लागलं नाही.

ओसरीवरून मामांनी हाक दिली. मी तिथं काय करत असेन, ते त्यांना न बघताही कळलं असणार.

"काय गं, पास हाय का?"

"पास," मी म्हणाले. पण ते ओसरीपर्यंत पोचलं नाही, आणि मामा बाहेरून पुन्हा विचारत राहिले.